खेळाडू मनाने जास्त कणखर असतात, हे पटतं का तुम्हाला?

डिचोलीकर: आमच्या वाड्यावर फुटबॉलचा बक्षीस समारंभ होता, पाहुणे म्हणाले मुलांना मैदानावर पाठवा, डिप्रेशन वगैरे जवळ फिरकणार नाही. मला हे अजिबात पटलं नाही. नेमबाज अभिनव बिंद्राने २००८ला बीजिंगमध्ये गोल्ड घेतलं, देशाचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक गोल्ड, आणि पुढे त्यानेच सांगितलंय की ते मिळाल्यावर सगळं पोकळ वाटायला लागलं, डिप्रेशन आलं. खेळणाऱ्या पोराला तर बोलायचीही चोरी, लगेच म्हणतात तू प्लेयर ना, तुला काय धाड भरलीय.

सत्तरीचा पीटी मास्तर: एका बिंद्रावरून सगळं ठरवू नका. आमच्या शाळेतली टीमची पोरं रविवारी मार खाऊन येतात आणि सोमवारी परत प्रॅक्टिसला हजर. दहावीला दोन टक्के कमी आले म्हणून दार लावून बसणारी पोरं बहुतेक कधी मैदानात उतरलेलीच नसतात. हरायची सवय लागणं ही फार मोठी गोष्ट आहे, ती क्लासला जाऊन मिळत नाही. व्यायामाने झोप लागते, मन ताळ्यावर राहतं, हे डॉक्टरही सांगतात.

फोंड्याची नर्स: सर, व्यायामाचं शंभर टक्के मान्य, पण व्यायाम वेगळा आणि कॉम्पिटिशन वेगळी. माझ्या धाकट्या भावाचं गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, ऑपरेशन झालं, सीझन गेला. बूट खिडकीत तसेच, चिखल वाळलेला, आईला हात लावू देत नव्हता. गुडघा किती वाकतो ते फिजिओ दरवेळी मोजून लिहायचा, पोरगं रात्रभर जागं असतं हे कुठल्याच फाईलीत नव्हतं. आणि कणखरपणा मैदानावरच मिळतो असं कुठाय? नाईट ड्युटी करून सकाळी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं करणाऱ्या बायका माझ्यासोबत आहेत, त्यांनी आयुष्यात बॅट धरली नाही.

म्हापसेकर: पण टोक्यो ऑलिम्पिकला अमेरिकेच्या जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टीम फायनल मध्येच सोडली ते काय? देशासाठी खेळताना असं चालतं का?

फोंड्याची नर्स: @म्हापसेकर हवेत गिरकी घेताना आपलं अंग कुठे आहे तेच तिला कळेनासं झालं होतं हो. तशात उडी मारून मानेवर पडली असती तर? थांबली म्हणून वाचली, आणि २०२४ला पॅरिसमध्ये तीन गोल्ड घेतली.

डिचोलीकर: हेच म्हणतोय मी. क्लबला फिजिओ परवडतो, मग महिन्यातून एकदा काउन्सेलर का नाही? बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, पण तिचं नाव काढलं की घरचेच पहिले आडवे येतात. निदान टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर तरी पोरांना माहीत असू दे, फुकट आहे, घरातून बोलता येतं.

सत्तरीचा पीटी मास्तर: नंबर उद्याच ड्रेसिंग रूमच्या दारावर लावतो, आणि दुखापत झालेल्या पोरालाही टीमसोबत बसवून घेईन, ते नर्सबाईंचं पटलं. पण खेळाने मन घट्ट होतं हे मी सोडणार नाही, डोळ्यांनी बघतोय रोज.