घरातलं ॲसिड-फिनेल बंद करायचंय, पण घरगुती उपायांतलं खरं काय चालतं?

मुलुंड_ईस्ट

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. सासूबाईंना दमा आहे आणि आमच्या संडास-बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, त्यामुळे ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर टाकलं की वास बाहेर न जाता घरातच फिरतो आणि त्यांना जो खोकला लागतो तो थांबतच नाही. दुसरं म्हणजे भांड्यांना येणाऱ्या मावशींच्या बोटांना चिरा पडल्यात, त्या काही बोलत नाहीत पण खोबरेल चोपडून येतात ते दिसतं ना. म्हणून ठरवलंय की फिनेल, ॲसिड, भांड्याचं लिक्विड सगळं बदलायचं, जमेल ते घरीच करायचं. व्हिडिओ बघावेत तर जिथे तिथे एकच, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर मिसळा, फसफसलं की झालं साफ. कोणी रिठा सांगतं, कोणी बायोएन्झाइम. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा प्लीज. आमचा ओटा कडप्प्याचा आहे, बाथरूमला साध्या टाइल्स, पाणी सकाळी महापालिकेचं आणि ते संपलं की बोअरिंगचं, नळांवर पांढरे थर बसतात. दुकानात 'नॅचरल' 'ग्रीन' लिहिलेल्या बाटल्या आहेत पण भयंकर महाग आणि त्यात खरं किती ते कळायला मार्ग नाही.

पार्लेकर_काका

ताई, आधी ओट्याचं सांगतो. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, शहाबादी फरशी आणि संगमरवरही त्याच जातकुळीतले. त्यावर व्हिनेगर, लिंबू, चिंच काहीही आंबट टाकलंत की दगडाचा वरचा थर विरघळतो, चमक जाते आणि पांढरट डाग पडतो तो घासून जात नाही, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. ग्रॅनाइटला एवढा धोका नाही. तुमच्या ओट्याला साबणाचं कोमट पाणी आणि कोरडं फडकं, बास.

आता ते फसफसणं. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोन्ही एकत्र केले की एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी, ज्याने ना तेल निघत ना क्षार. बाटलीत भरून बूच घट्ट लावलंत तर गॅसने ती फुटायची भीती ते वेगळंच. दोन्ही वस्तू चांगल्या आहेत, पण वेगवेगळ्या वापरायच्या. डाग कसला आहे ते बघून वस्तू उचलायची, एवढं कळलं की अर्ध्या बाटल्या घरातून आपोआप जातात. तेलकट चिकट असेल, म्हणजे गॅसची शेगडी, एक्झॉस्टची जाळी, तळणीची कढई, तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा. खाण्याचा नव्हे, धुण्याचा, किराणावाल्याकडे सुटा मिळतो, खूप स्वस्त. हातात ग्लोव्हज घाला कारण तो कातडीचं तेलही काढतो, आणि ॲल्युमिनियम किंवा हिंडालियमच्या भांड्यांना अजिबात लावू नका, काळी पडतात. नळावरचे पांढरे थर मात्र बोअरिंगच्या जड पाण्यातले क्षार आहेत, त्याला आंबटच लागतं. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक ॲसिड घ्या, मोठा चमचा पेलाभर कोमट पाण्यात, त्यात फडकं भिजवून नळाला अर्धा तास गुंडाळून ठेवा आणि मग पुसा. टाइल्सच्या फटींतल्या सिमेंटवर ते जास्त वेळ राहू देऊ नका, तेही खातं.

एक गोष्ट मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. ब्लीच आणि आम्ल एकत्र. टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबूसत्व, यातलं काहीही ब्लीचमध्ये गेलं की क्लोरीन वायू सुटतो. दमेकरी माणूस घरात आणि खिडकी डक्टमध्ये, म्हणजे फारच गंभीर प्रकार होईल. मावशींनाही हे नीट समजावून सांगा, आणि बाटल्यांवर मराठीत ठळक नावं लिहून ठेवा.

बाल्कनीतली_बाग

मी गोरेगावला राहते, आमच्याकडे फरशी पुसायला फक्त बायोएन्झाइमच, म्हणजे गूळ आणि फळांच्या साली पाण्यात आंबवून केलेलं पाणी, असतं म्हणून सांगते. प्रमाण एकास तीन दहा, म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम लिंबू-मोसंबी-संत्र्याच्या साली आणि १ लिटर पाणी. जूसवाल्याला सांगून ठेवलं तर तो साली पिशवी भरून देतो, त्याला तशाही फेकायच्याच असतात. बाटली प्लास्टिकची घ्यायची, काचेची नको, आणि वरचा एक हिस्सा रिकामा ठेवायचा कारण पहिला महिना खूप गॅस होतो, रोज झाकण सैल करून पुन्हा लावायचं नाहीतर बाटली फुगून टम्म होते. ३ महिने थांबावं लागतं. वर पांढरी साय आली तर चालते, काळी बुरशी आली तर ओतून द्या. तयार झालं की गडद तांबूस, वास आंबटगोड, ताडीसारखा. गाळून घ्यायचं, बादलीभर पाण्यात अर्धी वाटी पुरते. उरलेला चोथा मी कुंड्यांत घालते. फिनेलचा वास गेल्यापासून घरात बसवतं तरी, आणि आमच्या मांजरीसाठी तर हे फार बरं झालं, फिनेलमधलं फिनॉल मांजरांच्या शरीरातून नीट बाहेर पडत नाही, त्यांना ते विषारी असतं. हे नाल्यात सोडलं की पाणीसुद्धा स्वच्छ होतं म्हणतात.

अजून एक, पावसाळ्यात खडेमीठ घालून पुसायची पद्धत असते ना बऱ्याच घरांत, ती जून ते सप्टेंबर थांबवा. आपल्याकडच्या दमट हवेत मीठ पाणी ओढून घेतं आणि लादी दिवसभर चिकट राहते.

पार्लेकर_काका

बायोएन्झाइम फरशीला छान आहे, दुमत नाही. फक्त काम करतात ती त्यातली आम्लं, मुख्यतः ॲसिटिक आणि सायट्रिक, म्हणून कडप्पा-शहाबादी-संगमरवराला तेही नको. आणि नाल्याबद्दल मी असहमत आहे. त्यात साखर आणि सेंद्रिय पदार्थ असतात, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजनच खर्च होतो, मिठीसारख्या नदीत आधीच तो नाही. घरात पुसायला वापरा, मुद्दाम नाल्यात ओतू नका.

चेंबूर_कॅम्प

मावशींच्या हातांचा विषय काढलात ते फार बरं केलंत, बाकी सगळे फरशी आणि सिंकबद्दलच बोलतात, ज्या बाईचे हात चार-पाच घरच्या साबणात रोज बुडतात तिचं कोण बघतं? आमच्याकडे भांड्यांना रिठा आहे. दादरला काष्ठौषधीच्या दुकानात सुका रिठा किलोवर मिळतो. वीसेक रिठे फोडून बिया काढायच्या, रात्रभर दीड लिटर पाण्यात भिजत, सकाळी १५-२० मिनिटं उकळायचं, गार झालं की हाताने कुस्करून गाळायचं. फेस साबणाएवढा येत नाही, म्हणून पहिले काही दिवस मावशींना वाटतं भांडी निघालीच नाहीत, पण चहाचे कप, ताटं-वाट्या, दुधाची पातेली मस्त निघतात. मटणाच्या किंवा तळणीच्या भांड्याला पुरत नाही, त्याला थोडं लिक्विड घ्या, हट्ट करू नका. डोळ्यात गेलं तर प्रचंड झोंबतं, मुलांपासून लांब ठेवा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, बाहेर मुंबईच्या हवेत दोन-तीन दिवसांत वास मारायला लागतं. सिल्कच्या साड्यांनाही हेच वापरतो आम्ही. घासायला नारळाची शेंडी नाहीतर सुकलेलं घोसाळं, स्पंजचे प्लास्टिकचे तुकडे गटारात जात नाहीत मग. आणि मावशींना चांगले ग्लोव्हज तुम्ही आणून द्या, त्यांना आणायला सांगू नका.

विकतचं घ्यायचं असेल तर नुसत्या हिरव्या लेबलवर जाऊ नका. सरकारचं इकोमार्क आहे, मातीच्या मडक्याचं चिन्ह, १९९१ पासूनची योजना, २०२४ ला नवीन नियम आले. दुकानात ते चिन्ह फार दिसत नाही हे खरं, पण विचारत राहिलं पाहिजे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की पुराव्याशिवाय 'इको-फ्रेंडली' वगैरे दावे करायचे नाहीत. त्यामुळे बाटलीवर कशामुळे बायोडिग्रेडेबल ते लिहिलं नसेल तर सरळ कंपनीला ईमेल करून विचारा, मी विचारते.

मुलुंड_ईस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार, ओट्यावर लिंबू चोळायचं तर अगदी मनात होतं! आता दोनच प्रश्न. संडासाचं काय करू, तिथे तर ॲसिडशिवाय पिवळे डाग जातच नाहीत असं सगळे म्हणतात. आणि घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले तर हे घरगुती पुरतं का?

पार्लेकर_काका

संडासाला लिंबूसत्वच. रात्री झोपताना भांड्यातलं पाणी ब्रशने आत ढकलून पातळी कमी करा, तीन-चार मोठे चमचे सत्व डागांवर पसरा आणि सकाळी घासा. भुकटी टाकताना तोंड जवळ नेऊ नका. जुना थर एका रात्रीत नाही निघणार, लागोपाठ काही रात्री करा, नंतर आठवड्यातून एकदा पुरे. वाफा येत नाहीत, सासूबाईंना त्रास नाही. बाजारातल्या क्लीनरमध्ये बहुतेक वेळा १० टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, वास त्याचा.

आजारपणात मात्र घरगुतीवर अवलंबून राहू नका. उलट्या-जुलाबाच्या काही विषाणूंवर व्हिनेगर, रिठा, बायोएन्झाइम यांचा भरवसा नाही. तेव्हा आधी साबणाने घाण काढायची आणि मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ केलेलं ब्लीच, तेही रोज ताजं, कारण पातळ केलेल्या ब्लीचचा जोर टिकत नाही. आदल्या रात्री सत्व टाकलेलं असेल तर भरपूर पाणी ओतून दोनदा फ्लश केल्याशिवाय ब्लीच लावायचं नाही. त्या वेळी सासूबाईंना शेजारी किंवा गॅलरीत बसवा, एक्झॉस्ट लावा, दार बंद ठेवा आणि वास पूर्ण गेला की मगच त्यांना आत घ्या.