सुखोईच्या कॉकपिटमध्ये मराठी कितपत चालेल? (कादंबरी लिहितोय)

विमाननगरचा_बोका:
मंडळी, तीन वर्षं एक कादंबरी रखडलीय. काळ २०३६, सुरुवात पुण्यात, लोहगावच्या हवाई दलाच्या धावपट्टीवर. नायक एकटाच सुखोई-३० घेऊन निघतो, पंखांखाली तीन ब्रह्मोस क्षेपणास्त्रं, आणि गिरक्या घेता घेता मित्राशी रेडिओवर झकास मराठीत गप्पा मारतो. बायकोनं पहिलं प्रकरण वाचून विचारलं, "हा विमान चालवतोय की पीएमटीत खिडकीशी बसलाय?" आणखी एक, आफ्टरबर्नरला (इंजिनच्या मागच्या टोकाला जादा इंधन जाळून जोर देतो तो) 'पश्चज्वालक' लिहू का? सुखोई उठलं की आमच्या फडताळातली स्टीलची झाकणं वाजतात. 'पश्चज्वालक' लिहिलं की काहीच वाजत नाही.

निवृत्त_फिटर:
वहिनींना पैकीच्या पैकी.
आधी नायकाला जोडीदार द्या. सुखोई-३० एमकेआयमध्ये पुढे वैमानिक, मागे शस्त्रयंत्रणा सांभाळणारा. ब्रह्मोस एकच, आणि तेही पोटाखाली. अडीच टनांचं धूड ते, त्यासाठी विमानाचा सांगाडा मुद्दाम मजबूत करावा लागला. २२ नोव्हेंबर २०१७ ला सुखोईवरून पहिल्यांदा डागलं, बंगालच्या उपसागरावर. तुमचं तीनवालं विमान विश्रांतवाडीला रस्त्यानंच जाईल.

गप्पांचं म्हणाल तर गिरकीत ८ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या आठपट जोर आला की सत्तर किलोचा माणूस ५६० किलोचा होतो. पाय-पोट आवळून श्वास कसाबसा घ्यायचा, त्यात गप्पा कुठल्या? रेडिओवर इंग्रजी, हँगरमध्ये हिंदी. मराठी त्याच्या डोक्यात चालू द्या. आफ्टरबर्नर तसाच ठेवा, नाहीतर जुन्या लोकांसारखं 'रिहीट' म्हणा.

आणि खरा थरार हवा असेल तर खाली जमिनीवर या. काम संपलं की पेटीतला पाना न् पाना मोजायचा. एक जरी कमी भरला तरी विमान हलत नाही, कारण तो इंजिनच्या तोंडाशी राहिला तर संपलंच. एका रात्री आमचा दहा नंबरचा सापडेना (बेस सांगत नाही). बॅटऱ्या घेऊन चौघं पहाटेपर्यंत पालथे. सापडला माझ्याच ओव्हरऑलच्या अस्तरात, खिसा फाटला होता. तो आठवडा चहा माझ्याकडून.

कोथरूडकर_७१:
२०३६ म्हणता, मग बिनमाणसाचं विमान कुठंय? विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएलनं २०२१ च्या एअरो इंडिया या विमान प्रदर्शनात कॅट्स वॉरियरची पूर्णाकृती प्रतिकृती मांडली होती, वैमानिकाच्या विमानासोबत उडणारं. मागच्या सीटवरच्याला तेवढंच काम. आणि धावपट्टी प्रवासी विमानांचीही आहे हे विसरू नका. दिल्लीचं विमान ताटकळतंय, आतला आजोबा घड्याळ बघतोय, आणि बाहेर पाना शोधतायत. मला तरी हे ब्रह्मोसपेक्षा आवडेल.
(घारीही घाला. लोहगावला व्हिलन म्हणून इंजिनात घुसणारी एक घार पुरते.)

विमाननगरचा_बोका:
ब्रह्मोस एकावर आणलं, नायकाचं तोंड बंद केलं. फिटरसाहेब, तो पाना पहिल्या प्रकरणात ढापू का?

निवृत्त_फिटर:
ढापा. नंबर मात्र दहाच ठेवा, आणि खिसा फाटका.