वाणाच्या बॅगा बसल्या! (सोसायटी ग्रुप, गुरुवार सकाळ)

बी-३०४: नमस्कार मंडळी. रविवारी हळदीकुंकू आणि जुन्या सोलापुरी चादरींच्या, आत फोम घालून आपण शिवतोय त्या वाणाच्या १२ बॅगांपैकी ५ बॅगांची बुडं आत्ताच दबून बसलीत. फोटो टाकलाय. मी सांगितलेला फोम आणला नाही का?

बी-१०२: ताई, तो दुकानात संपला होता. मिळाला तो आणला. पावती आहे माझ्याकडे.

बी-३०४: पावतीचं काय करू? दोन्ही अंगांना कापड चिकटवलेला, पाव इंचाचा फोम हवा, असं दोनदा लिहिलं होतं. हा उघडा पॅकिंगचा स्पंज आहे. शिलाई मशीनच्या, कापड दाबणाऱ्या पायाला चिकटतो, कापड सरकत नाही, टाका कुठे बारीक तर कुठे मोठा.

ए-२०१: पाणी आज की उद्या?

बी-१०२: चाटी गल्लीच्या कापडबाजारात भर दुपारी कोण हिंडलं, ते कुणी विचारू नका.

ए-४०२ काका: सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. तिला कात्री लावायचीच कशाला?

सी-४०१ अक्का: काका, जुन्याच चादरी कापल्यात. आमच्या घरात माग होता, मलाही जीव लागतोच. पण न धुता कापल्या, ही चूक. सूत आहे, आटतं. लाल रंग अस्तरावर उतरेल तो वेगळाच. आणि कापल्याबरोबर कडेला झिगझॅग टाका मारा, नाहीतर दोरे सुटतात.

सेक्रेटरी: हॉलमधली मशीन रात्री १० नंतर चालवू नये. १०३ चे आजोबा आजारी आहेत. 🙏

सी-३०३: बॅगेत किलोभर शेंगाचटणी ठेवा, बूड हलणार नाही 😄

बी-३०४: चेष्टा नको हो, तीन रात्री गेल्यात यात. काल एक बॅग उसवून बघितली. कडेच्या शिवणीत अस्तर, फोम, चादर, परत चादर, फोम, अस्तर आणि मध्ये बंदाचं टोक. १४ नंबरची सुई तिथेच मोडली. १६ नंबर लावा, टाका मोठा ठेवा. तुकडा मापापेक्षा इंचभर मोठा घ्या, टाके घातले की तो आवळतो. टाके मधून कडेकडे घाला, मग माप टाकून छाटा. आणि शिवणीत येणारा फोम आधी कापून टाका. हे तरी सगळ्यांनी वाचा.

ए-२०१: पाणी???

सेक्रेटरी: पाणी उद्या. मशीन रात्री १० नंतर बंद. 🙏

ए-१०४: ताई, एक विचारू? त्या पाच बॅगांना इस्त्री मी केली होती. कापड न टाकता, कडक. त्यानं तर नाही ना बसल्या?

सी-४०१ अक्का: त्यानंच गं. फोम उष्णतेनं दबतो, परत उठत नाही. वर सुती फडकं टाकून कोमट इस्त्री, तीही दाबून नाही.

बी-१०२: म्हणजे बुडं माझ्यामुळे बसली नाहीत. एवढं ग्रुपवर लिहा कुणीतरी.

बी-३०४: मी लिहिते. १०२, टाके बिघडले ते स्पंजानं, पण बुडं इस्त्रीनं बसली. न बघता सगळ्यांसमोर तुला बोलले, चुकलं माझं. पाचही बॅगांचं अस्तर उसवून बुडाला नवा तुकडा घालू. माझ्याकडे चांगला फोम मीटरभर उरलाय. ४ वाजता हॉलमध्ये. येशील ना?

सेक्रेटरी: रात्री १० पर्यंतच. 🙏

बी-१०२: येते. कात्री माझी आणते, हॉलमधली बोथट आहे.