शब्दचर्चा : ‘दहा टक्के फॉर्मॅलिन’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न : पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र विभागाच्या नव्या परिचरांसाठी एम्बामिंगच्या (मृतदेह टिकवण्याच्या) द्रावणाच्या सूचना मराठीत लिहिते आहे. ‘डायल्यूट’साठी ‘विरल’ लिहू की ‘सौम्य’?

उत्तर : ताई, ‘विरल’च लिहा. विरल आम्ल, संहत आम्ल हे बालभारतीच्या पुस्तकांतून सगळ्यांच्या कानावरून गेलेलं असतं. ‘सौम्य’ वाचलं की माणूस निर्धास्त होतो, आणि विरल फॉर्मॅलिनची वाफही डोळ्यांना चांगलीच झोंबते.

पण खरं जपायचं ते ‘टक्के’ लिहिताना. बाटलीतलं फॉर्मॅलिन हे मुळातच फॉर्माल्डिहाइड वायूचं पाण्यातलं साधारण ३७ टक्क्यांचं द्रावण असतं. ‘दहा टक्के फॉर्मॅलिन’ म्हणजे एकूण मिश्रणात या द्रावणाचा दहावा हिस्सा. त्यात फॉर्माल्डिहाइड जेमतेम ४ टक्के. २० लिटर करायचं तर फॉर्मॅलिन २ लिटर. तेच कुणी ‘दहा टक्के फॉर्माल्डिहाइड’ असं वाचलं, तर २० गुणिले १० भागिले ३७, म्हणजे साडेपाच लिटरच्या आसपास ओतेल. एवढं तीव्र द्रावण धमनीतून सोडलं तर लगतच्या ऊती लगेच आवळून कडक होतात आणि ते पुढे नीट पसरत नाही. तेव्हा प्रत्येक टक्क्यापुढे कशाचे टक्के ते लिहाच.

प्रश्न : मग टक्के काढून ‘एकास दहा’ लिहिलं तर?

उत्तर : ‘एकास नऊ’ लिहा, म्हणजे फॉर्मॅलिन एक भाग आणि बाकी सगळं मिळून नऊ. गवंडी ‘एकास सहा’ म्हणतो तेव्हा सिमेंटचं एक घमेलं आणि वाळूची सहा वेगळी, एकूण सात. ‘दहात एक’ म्हटलं तर मात्र दहा हे एकूण. दहाच्या बाबतीत फरक थोडाच पडतो. ‘एकास तीन’ आणि ‘तिनात एक’ यांत मात्र २५ टक्के आणि ३३ टक्के इतकं अंतर आहे.

आणखी एक : ‘१८ लिटर पाणी घाला’ असं लिहू नका. एम्बामिंगच्या द्रावणात ग्लिसरीन, फिनॉलही असतं. त्यांचं आकारमान धरलं नाही तर एकूण २० च्या वर जातं आणि फॉर्मॅलिनचं प्रमाण घसरतं. ‘बाकी सगळं मोजून घ्या, मग एकूण २० लिटर होईपर्यंत पाणी घाला’ असं लिहा. कॅनवर २० लिटरची खूण आधीच करून ठेवायला सांगा.