हॉस्पिटलात अ‍ॅक्युपंक्चर: "विज्ञानाने शेपूट घातलं" म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांना उत्तर

इन्फ्युजन_नर्स (शिकागो)
काल इथे एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलं की अमेरिकेतली मोठी हॉस्पिटलं अ‍ॅक्युपंक्चर आणि चिनी औषधांचे विभाग उघडतायत म्हणजे विज्ञानाने बाजारापुढे शेपूट घातलं, आणि सुया टोचून घेणारे पेशंट म्हणजे सुशिक्षित अडाणी. वाचून डोकंच फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय.

मी केमो देते. आमच्याकडे सुईवाली बाई येते ती आधी त्या दिवसाचा रक्ताचा रिपोर्ट बघते, प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असतील तर सुई लावतच नाही. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये ज्या बाजूच्या काखेतल्या लसिका गाठी काढल्यात त्या हाताला हात लावत नाही. मग दुसऱ्या मनगटाच्या आतल्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध सुई. पेशंट सांगतात की दुखत नाही, जड जड वाटतं. आणि ज्या बाईला कालपर्यंत पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता ती अर्धी वाटी सूप पिते. याच जागेबद्दल ऑपरेशननंतरच्या मळमळीचा कॉक्रेनचा, म्हणजे सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा, २०१५ चा आढावा आहे, परिणाम उलटीच्या औषधांच्या आसपास येतो. हे अडाणीपण का?

आणि दुखण्याचं म्हणाल तर ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने इथे घरंच्या घरं बसली. म्हणून तर २०१८ पासून जॉइंट कमिशनने (हॉस्पिटलांना मान्यता देणारी संस्था) हॉस्पिटलांना बिनऔषधी उपायही ठेवायला सांगितले, २०२० पासून मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, जुन्या कंबरदुखीसाठी सुयांचे पैसे देतं, ९० दिवसांत १२ वेळा, फरक दिसला तर आणखी ८, वर्षाला २० च्या वर नाही. फरक नाही दिसला तर बंद. एवढी कडक अट तर कंबरेच्या ऑपरेशनला पण नसते.

भूलतज्ज्ञ_पुणे
ते डॉक्टरसाहेब मीच, आणि एक शब्द मागे घेत नाही. ताई, हे सगळं सुरू कशावरून झालं? १९७१ ला न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन पेकिंगला (आताचं बीजिंग) गेले, तिथे त्यांचं अपेंडिक्स काढलं. आजही लोक मला सांगतात की सुया टोचून बेशुद्ध न करता ऑपरेशन केलं! अहो त्यांनी स्वतः लिहिलंय, ऑपरेशन झालं ते साध्या बधिर करायच्या इंजेक्शनवर. सुया नंतर लावल्या, पोटात गॅस धरला तेव्हा. पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले आणि दंतकथेला पाय फुटले. मी आयुष्यभर भूल देतोय, टेबलावर पेशंट असताना दंतकथा कामाला येत नाहीत. खोट्या सुईशी तुलना केल्यावर काय उरतं ते बोला.

आकडेमोड (म्युनिक)
खोट्या सुईचं मी सांगतो, कारण जर्मनीत हा वाद आमच्या विम्याच्या पैशातून झालाय. कंबरदुखीच्या ११६२ पेशंटवर मोठी चाचणी, २००७ ला छापली. सहा महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्यांत ४७.६ टक्के लोकांना बरं वाटलं. खोट्यात, म्हणजे भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत, ४४.२. आणि औषधं, फिजिओ, व्यायाम ही नेहमीची ट्रीटमेंट घेणाऱ्यांत २७.४. आता डॉक्टर पहिले दोन आकडे सांगणार, ताई पहिला आणि तिसरा सांगणार. तिन्ही एकत्र वाचा ना. जर्मनीने कंबर आणि गुडघ्यासाठी पैसे द्यायचं ठरवलं, मायग्रेनला नाही. ब्रिटनच्या नाइसने (कोणते उपचार द्यावेत हे ठरवणारी सरकारी संस्था) २००९ ला कंबरदुखीसाठी हो म्हटलं, २०१६ ला काढून टाकलं, २०२१ ला मूळ कारण न सापडणाऱ्या जुन्या दुखण्यासाठी परत घेतलं. यावरून कळतं पुरावा किती काठावरचा आहे.

भूलतज्ज्ञ_पुणे
म्हणजे कुठेही टोचा, फरक जवळपास तेवढाच. मग ते मेरिडियन (शरीरातल्या ऊर्जेच्या वाटा), ची (ती ऊर्जा), नाडीचे प्रकार, सगळं कोसळलं की नाही? तरी हॉस्पिटलच्या भिंतीवर त्याच मेरिडियनचे चार्ट लावायचे!

वैद्य_नाशिक
तुमचं चाललंय ते चालू द्या, पण मला एक विचारायचंय. चिनी औषधं म्हटली की क्लीव्हलंड क्लिनिकसारखं अमेरिकेतलं मोठं हॉस्पिटल २०१४ ला खास हर्बल क्लिनिक उघडतं, चीनच्या तू योयो बाईंना मलेरियाच्या औषधासाठी २०१५ चं नोबेल मिळतं. आणि आयुर्वेद म्हटला की लगेच शिसं आणि पारा. हा दुजाभाव कोणालाच दिसत नाही? आम्ही साडेचार वर्षं शिकून वर इंटर्नशिप करतो, आणि परदेशात आमची ओळख मसाजवाला!

जर्सीकाका
वैद्यबुवा, शिसं आम्ही मनाने काढलं नाही. २००४ ला बॉस्टनच्या देशी दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. आणि आमच्याच घरातलं सांगतो. मेहुणा भारतातून येताना गुडघ्यासाठी भस्माच्या गोळ्या घेऊन आला. पोटात कळा, हात लटपटतात, रक्त कमी, इथल्या डॉक्टरांनी आधी अल्सर म्हणून शोधलं. शेवटी रक्तातलं लेड तपासलं तेव्हा कळलं. त्या डबीवर 'शुद्ध' लिहिलेलं होतं. बहिणीचे ते दिवस मी पाहिलेत, त्यामुळे दुजाभाव वगैरे मला ऐकवू नका.

वैद्य_नाशिक
तुमच्या मेहुण्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण ती डबी कोणी दिली, कोणत्या वैद्याने तपासून दिली? कोणीच नाही! दुकानातून उचलली. शोधन-मारण (धातू शुद्ध करून भस्म करायची प्रक्रिया) नीट न करता माल काढणाऱ्यांची पापं आमच्या माथी. माझ्या वडिलांनी हयात घालवली यात, एक पेशंट असा दाखवा.

जर्सीकाका
वडिलांनी कधी कोणाचं रक्त तपासलं होतं का? नाही तर दाखवणार कसं?

वैद्य_नाशिक
वडिलांवर जाऊ नका. ताकीद देतोय.

आकडेमोड (म्युनिक)
दोघेही जरा दमानं घ्या. चिन्यांनाही सूट मिळालेली नाही. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये चिनी वनस्पतीच्या गोळ्या देत होते. एका वनस्पतीच्या जागी जवळपास त्याच नावाची दुसरी आली, तिच्यात अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिड. शंभरेक बायकांच्या किडन्या गेल्या, पुढे त्यातल्या बऱ्याच जणींना मूत्रमार्गाचा कॅन्सर. वैद्य नव्हे, डॉक्टर चालवत होते ते क्लिनिक. आणि तू योयोचं म्हणाल तर चौथ्या शतकातल्या ग्रंथात पाला पाण्यात भिजवून पिळून घ्या असं होतं, त्यावरून बाईंना सुचलं की उकळल्याने औषध मरतंय, म्हणून कमी तापमानाला ईथरने अर्क काढला, आधी प्राण्यांवर आणि मग स्वतःवर घेऊन बघितला. नोबेल त्या कामाला आहे, काढ्याला नाही. भस्माचं असं काम करा, मी स्वतः येऊन हार घालेन.

सोलापूरकर
आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते सगळ्यांना माहीत. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बसू पुढे चीनमधून अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले हे कोणी सांगत नाही. म्हणजे आपल्याकडे हे काही काल आलेलं नाही. २०१५ ला महाराष्ट्राने कायदाही केला. पण माझ्या आईच्या पाठीत सुया घालणारा माणूस एका शिबिरात शिकलेला निघाला, हातमोजे नाहीत, सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं नाही. छातीच्या मागे सुई खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडतं हे त्याला ठाऊक तरी होतं का? शिकागोची व्यवस्था ऐकून बरं वाटलं ताई, पण इकडे येईपर्यंत त्याचं काय होतं ते पण बघा.

इन्फ्युजन_नर्स (शिकागो)
सोलापूरकर, म्हणूनच मी म्हणते ते हॉस्पिटलाच्या आत असावं. आत असलं की सुई एकदाच वापरायची, नोंद ठेवायची, रिपोर्ट बघायचा, काही झालं तर जबाब द्यायचा. बाहेर ढकललं की तो शिबिरवालाच उरतो. डॉक्टरसाहेब, मेरिडियनवर मी भांडणार नाही, चार्ट उद्या उतरवा. पण औषधांचं माझं मत तुमच्यासारखंच आहे, केमो चालू असताना आम्ही सगळ्या जडीबुटी बंद करायला लावतो. साधी सेंट जॉन्स वर्ट घेतली तरी इरिनोटेकॅन या केमोच्या औषधाचा असर उतरतो. सुई आत घ्या, पुड्या तपासून होईपर्यंत बाहेर ठेवा, एवढंच मागतेय. वैद्यदादा, हे तुम्हालाही लागू.

भूलतज्ज्ञ_पुणे
मळमळीचं मान्य, तेवढंच. माझ्याही रिकव्हरीत उलट्यांनी टाके ताणलेले पेशंट असतात, मनगटावर दाबून काही होत असेल तर करा. पण तुमचे विभाग मळमळीवर थांबतात का? वंध्यत्वासाठी पॅकेज विकतात! २०१८ ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफच्या ८४८ बायकांवर चाचणी झाली, खऱ्या सुईने १८.३ टक्के मूल, खोट्या सुईने १७.८. म्हणजे फरक नसल्यासारखाच. माझ्या चुलत बहिणीने तुमच्या तिकडे दागिने मोडून ते पॅकेज घेतलं. मूल झालं नाही आणि वर तिला सांगितलं की तू टेन्शन घेतलंस. ते वाक्य ती अजून विसरलेली नाही. म्हणून मी 'बाजार' लिहिलं.

इन्फ्युजन_नर्स (शिकागो)
हे वाक्य ज्याने म्हटलं त्याला मी माझ्या वॉर्डात पाऊल ठेवू देणार नाही. पॅकेज बंद करा, मी पहिली सही करते. पण त्यासाठी माझ्या केमोच्या पेशंटला अडाणी म्हणायची गरज नव्हती, तो शब्द तुम्ही अजून मागे घेतलेला नाहीये.

भूलतज्ज्ञ_पुणे
पेशंटबद्दलचा शब्द घेतो मागे. विभागांबद्दलचा नाही.

वैद्य_नाशिक
काका, मी जे भस्म वापरतो त्याच्या चालू बॅचचा लॅब रिपोर्ट उद्या इथे टाकतो.

जर्सीकाका
टाका. लॅबचं नाव आणि तारखेसकट टाका. आणि ते घेणाऱ्या पेशंटच्या रक्तातलं लेडही तपासून घ्या, नुसती पुडी तपासून मला पटणार नाही.