जितक्या पेट्या तितकी लेबलं: लेटेकमध्ये यादीवरून पानं कशी काढायची?

तापीकाठ (रावेर)
राम राम मंडळी. केळीच्या एका पॅकिंग हाऊसवर मी नोंदी ठेवतो. पेटीवरचं लेबल लेटेकमध्ये (आज्ञा लिहून पानं जुळवायचं सॉफ्टवेअर) केलंय: शेतकऱ्याचं नाव, गाव, गट नंबर, कापणीची तारीख, पेटी क्रमांक. ए-फोर कागदावर आठ बसतात. आजवर तोच मजकूर कॉपी करून नावं हातानं बदलत आलो. मागच्या आठवड्यात रात्री दोनला दोघा भावांची नावं माझ्याकडून उलटसुलट झाली आणि एकाचा माल दुसऱ्याच्या खात्यावर चढला. ज्यानं उन्हाळाभर रात्रीच्या लाइटीवर बाग जगवली, त्याच्यासमोर उभं राहताना फार वाईट वाटलं.

नावं एक्सेलमध्ये आहेतच. ज्याच्या १८ पेट्या, त्याची १८ लेबलं आपोआप निघतील का? शिवाय 'ज्ञानेश्वर' छापताना जोडाक्षरं फुटतात.

खिळे-जुळारी (धुळे)
जोडाक्षरांसाठी झीलाटेक (लेटेकचाच युनिकोड फॉन्ट चालवणारा प्रकार) वापरा आणि फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडायच्या पॅकेजमध्ये (जोड-सोयीत) फॉन्ट देताना 'स्क्रिप्ट' देवनागरी लिहा. ते राहिलं की अक्षरं सुटी पडतात.

यादी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या फाइलीत ठेवा; ती वाचायला सीएसव्हीसिंपल पॅकेज आहे. लेबलचा साचा एकदाच लिहायचा, प्रत्येक ओळीला तो पुन्हा चालतो. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' असंच सेव्ह करा; साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात. 'पाटील & सन्स' असं नाव असेल तर ते चिन्ह लेटेक स्तंभ तोडायची खूण समजतं. त्यासाठी पॅकेजमध्ये 'रिस्पेक्ट ऑल' हा पर्याय आहे.

सातपुडा (चोपडा)
भाऊ, पेट्यांच्या संख्येइतकं फिरवायचं तर मी टिप्स्ट सुचवेन, लेटेकसारखंच पण नवं सॉफ्टवेअर. सीएसव्ही वाचायची सोय त्यात मुळातच आहे आणि फॉर-लूप (तेच काम ठरावीक वेळा फिरवणारी आज्ञा) साध्या प्रोग्रामसारखा लिहिता येतो. बाहेरचा लूप शेतकऱ्यांचा, आतला पेट्यांचा. दोन स्तंभांची ग्रिड घ्या, पानाचा समास शून्य, लेबल १०५ बाय ७४ मिलिमीटर. चार ओळींचे २९६ होतात, खाली एक मिलिमीटर सुटतो. तो सुटू द्या.

फाइलमधून आलेला आकडा मजकूर म्हणून येतो, तो 'इंट' या आज्ञेनं संख्येत बदला. आणि प्रत्येक शेतकरी नव्या पानावर सुरू करा. १८ पेट्यांना तीन पानं लागतील, सहा जागा कोऱ्या जातील. जाऊ द्या. एका कागदावर दोन नावं आली की कात्रीपाशी पुन्हा तोच घोळ.

तापीकाठ (रावेर)
टिप्स्टनं केलं. पहिल्यांदा अडलं, कारण पेट्यांच्या रकान्यात मी '१८' मराठी आकड्यांत लिहिलं होतं आणि 'इंट'ला ते कळत नाही. रकाना इंग्रजी आकड्यांत केला, छापताना 'नंबरिंग' या आकडे छापायच्या आज्ञेला '१' चा नमुना दिला, तर लेबलवर मराठी आकडे आले. नवं पान प्रत्येकाला दिलंय. ज्ञानेश्वर नीट छापलं.

आता शेवटची अडचण: काही ओळींत गट नंबर '१२/१' असा आहे आणि एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचा, की दुसरा उपाय आहे?

खिळे-जुळारी (धुळे)
आधीच टेक्स्ट करा, आकडे भरण्यापूर्वी. एकदा तारीख झाली की मूळ नंबर परत मिळत नाही, सातबाऱ्यावरून पुन्हा भरावा लागतो.