ख्रिसमसचा जुना पिक्चर आई-बाबांना दाखवायचाय, सल्ला द्या

कोकमसरबत
नमस्कार मंडळी. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत, आणि आता डिसेंबर लागला म्हणजे साडेचारलाच अंधार, फिरायला जाणं बंद, दोघं खिडकीशी बसून समोरच्यांच्या लायटिंगला नावं ठेवतात. माझा नवरा दरवर्षी 'इट्स अ वंडरफुल लाइफ' बघतो, यंदा सगळ्यांनी मिळून बघू म्हणतोय. मला स्वतःला आवडतो पण धाकधूक आहे, १९४६ चा ब्लॅक अँड व्हाइट, वर भराभर बोलतात. बाबा साताऱ्याकडे पतसंस्थेत तीस वर्षं होते, त्यांना 'देवदूत येतो' वगैरे सांगितलं की झोपणार. लेक ९ वर्षांची, तिला पाच मिनिटांत बोअर होतं. रंगीत व्हर्जन लावू का? आणि पडद्यामागच्या काही गमती माहीत असतील तर सांगा, मध्ये मध्ये पेरता येतील.

जुनाट_रीळ
अगं देवदूत विसर. बाबांना एवढंच सांग की हा पतपेढीचा पिक्चर आहे. खरंच आहे. जॉर्ज बेली जी 'बिल्डिंग अँड लोन' चालवतो ती म्हणजे गावातल्या लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि गावातल्याच लोकांना घरासाठी कर्ज द्यायचं. लग्न करून नवराबायको हनिमूनला निघालेत, टॅक्सीतून बघतात तर धो धो पावसात बँकेसमोर गर्दी, मग आपल्या संस्थेच्या दारात तीच गर्दी, सगळ्यांना पैसे आत्ताच हवेत. तो काउंटरवर उभा राहून समजावतो की बाबांनो तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीयेत, ते जोच्या घरात आहेत, तुमच्या शेजारच्याच घरात आहेत. तरी पहिला माणूस म्हणतो माझे २४२ डॉलर टाका, पूर्ण. मग बायको हनिमूनचे २००० डॉलर वर धरते. एकेक जण वीस-वीस घेऊन जातो आणि एक बाई अगदी हळू आवाजात साडेसतरा मागते तेव्हा हा काउंटरवरून वाकून तिचा पापाच घेतो. संध्याकाळी सहाला शटर पडतं तेव्हा दोन डॉलर उरलेत, त्यांचं नाव पपा डॉलर आणि ममा डॉलर, ते मिरवत तिजोरीत. ज्या माणसाने कधी ठेवीदारांची रांग बघितली आहे तो या सीनला झोपूच शकत नाही.

रंगीत नको. जॉर्जचं काम करणारा जेम्स स्ट्युअर्ट आणि दिग्दर्शक फ्रँक काप्रा दोघांनीही रंग भरायला विरोध केला होता.

हिमगौरी
रीळकाकांना अनुमोदन. लेकीसाठी बर्फ! तिला आधी सांग की पूर्वी सिनेमात बर्फ म्हणून कॉर्नफ्लेक्स पांढरे रंगवून टाकायचे, आणि त्यावरून चाललं की इतकं करकर वाजायचं की संवाद परत डब करावे लागायचे. काप्राला आवाज जागेवरच रेकॉर्ड करायचा होता म्हणून आरकेओ स्टुडिओच्या लोकांनी आग विझवायचा फेस, साबण, पाणी असं मिसळून नवीन बर्फ काढला आणि पंख्यांनी उडवला, ६००० गॅलन वापरला म्हणतात. अकॅडमीने त्यासाठी तांत्रिक पुरस्कार दिला, आणि गंमत म्हणजे पाच ऑस्कर नामांकनं होती तिथे मात्र एकही नाही मिळालं.

आणि हे सगळं शूटिंग भर उन्हाळ्यात, एप्रिल ते जुलै, कॅलिफोर्नियात एन्सिनोला. चार एकरात अख्खं गाव उभारलेलं, दुकानं-घरं मिळून ७५, रस्त्याच्या कडेला मोठे ओक आणून लावलेले. एकदा इतकं उकडलं की काप्राने सगळ्यांना एक दिवस सुट्टी दिली. पुलावरच्या सीनमध्ये स्ट्युअर्टचा चेहरा नीट बघ, बर्फात उभा आहे आणि घाम आलाय. आमच्या पोरांचा आता तोच खेळ असतो, घाम कोणाला आधी दिसतो.

नाचाच्या सीनमध्ये फरशी सरकते आणि खाली तलाव निघतो ना, तो ट्रिक नाहीये. बेव्हर्ली हिल्स हायस्कूलचा खरा जिम आहे.

अर्धा_कप
एक महत्त्वाचं, लावायच्या आधी LENGTH बघा (सॉरी, लांबी, कीबोर्ड उडतोय). २ तास १० मिनिटं पाहिजे. मागच्या वर्षी आम्ही एका स्ट्रीमिंगवर लावला तर जॉर्ज पुलावर रडतोय आणि पुढच्या क्षणी आनंदाने घराकडे पळत सुटलाय, मधला देवदूत त्याला 'तू जन्मलाच नसतास तर' गावाचं काय झालं असतं ते दाखवतो तो भागच गायब! सासूबाई मला विचारतात, याला एकदम काय झालं? मी काय सांगणार. नंतर कळलं ती कापलेली आवृत्ती होती, २०-२२ मिनिटं कमी. नाहीतर सरळ एनबीसीवर २४ तारखेला रात्री लागतो तेव्हा बघा, जाहिराती सोसाव्या लागतात एवढंच.

जुनाट_रीळ
@अर्धा_कप हाहाहा, जेवणातली भाजीच काढून टाकली. हे कॉपीराइटचं जुनं दुखणं आहे. मूळ गोष्ट फिलिप व्हॅन डोरेन स्टर्नची, कोणी छापेना म्हणून त्याने १९४३ ला स्वखर्चाने २०० प्रती काढून ख्रिसमस कार्ड म्हणून ओळखीपाळखीत वाटल्या, त्यातली एक हॉलिवूडला पोचली. पिक्चर आला तेव्हा धंदा बेताचाच झाला. १९७४ ला कॉपीराइट रिन्यू करायचं राहून गेलं, म्हणजे चित्रं फुकट झाली, मग टीव्हीवाले काय, फुकटचं ते पौष्टिक, प्रत्येक चॅनलवर डिसेंबरभर तोच. त्यातूनच तो घराघरात गेला. १९९३ ला मग गोष्टीचे आणि संगीताचे हक्क पुढे करून तो परत ताब्यात घेतला. कोणाचं तरी एक नूतनीकरण राहिलं म्हणून हा क्लासिक झाला, नाहीतर डब्यात पडून असता, असं माझं तरी मत.

अजून एक, बारमध्ये तो प्रार्थना करतो तिथे नीट बघ. स्ट्युअर्ट नुकताच युद्धावरून आलेला, युरोपात बॉम्बर विमानं घेऊन २० मोहिमा केलेला, परत आल्यावर हा पहिला पिक्चर. प्रार्थना म्हणता म्हणता तो खरंच रडायला लागला, ठरलेलं नव्हतं, आणि कॅमेरा तर लांब होता. परत तसं होणार नाही म्हणून काप्राने तीच फिल्म लॅबमध्ये फ्रेम फ्रेम मोठी करून क्लोजअप बनवला. म्हणून तो शॉट जरा रवाळ दिसतो. रंगीतमध्ये हे सगळं मेकअपखाली जातं.

बटाटेवडा_फॅन
माझ्या मते पहिला तास स्लो आहे, देवदूत यायलाच दीड तासाच्या वर लागतो. मुलीला झोपवा आणि मोठ्यांनी बघा. सगळे गोड बोलतायत म्हणून कोणीतरी बोललं पाहिजे :)

हिमगौरी
@बटाटेवडा स्लो असू दे, सुट्टीच आहे. कोकम, रस्ते बरे असतील तर न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका फॉल्सला जाऊन या, चार-साडेचार तास. तिथले लोक म्हणतात आमचंच गाव बघून पिक्चरमधलं बेडफर्ड फॉल्स केलं, काप्राने तसं कधी सांगितलं नाही, पण छोटं म्युझियम आहे, लोखंडी पूल आहे. १९१७ ला एक मुलगी वाचवायला त्या पुलावरून उडी मारून एक तरुण बुडाला, त्याची पाटी आहे, ती वाचून आमची बडबडी गँगसुद्धा गप्प झाली होती. आणि १८४८ ची स्त्री हक्क परिषद पण तिथलीच, आईंना ते जास्त आवडेल.

कोकमसरबत
अपडेट: काल बघितला, ब्लॅक अँड व्हाइट, पूर्ण लांबीचा, चहा-चिवडा घेऊन. लेकीने घाम शोधला, दोनदा मागे घेऊन दाखवायला लावला, मग देवदूत यायच्या आधीच सोफ्यावर झोपली (बटाटेवडा, जिंकलास). रांगेच्या सीनला बाबा पुढे सरकून बसले, त्या २४२ वाल्याला "असला एक असतोच" म्हणाले. आई शेवटी डोळे पुसत होती. बाबा नाही. बाबांचा आक्षेप असा की संस्थेचे हरवलेले आठ हजार डॉलर शेवटी त्या खडूस श्रीमंत पॉटरकडेच राहिले, चौकशी नाही, काही नाही, आणि तपासणीला आलेला ऑडिटर स्वतःच्या खिशातून गावकऱ्यांनी मदतीला जमवलेल्या ढिगात पैसे टाकतो! रात्री साडेअकराला जिन्यात थांबून नवऱ्याला समजावत होते की अशी एंट्री वहीत कुठल्या खात्याला दाखवणार.